गाणे अडवावे की गाणारा?

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे गाणे दोन वाटांनी येते. मराठी गाणे नागपूरहून येते, हिंदी इटारसीकडून. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. रेडिओचा काटा मात्र नागपूरवरून हलला नाही. सकाळची भक्तिगीते, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, संत्र्याचा भाव आणि कामगारांसाठी लागणारी लोकगीते, सगळे नागपूरचेच. रात्री मात्र हिंदी गाण्यांचा अंमल. त्या गाण्यांत एक आवाज असा होता, की तो लागला की आमच्याकडची माणसे म्हणत, “हा आपल्याकडचाच.” पांढुर्ण्याला गाडीत बसावे, इटारसीला गाडी बदलावी, की पुढे खंडवा. किशोरकुमार तिथला. स्वतःची ओळखही तो ‘किशोरकुमार खंडवेवाला’ अशीच करून द्यायचा. मुंबईत एवढे नाव मिळवूनही गावाचे नाव मिरवणारा माणूस आमच्यासारख्या कडेच्या लोकांना आवडणारच.

१९७६ चा उन्हाळा मला चांगला आठवतो. मी शाळेत होतो. आणीबाणीला वर्ष होत आले होते. भिंतींवर वीस कलमी कार्यक्रमाच्या घोषणा रंगवलेल्या होत्या आणि मोठी माणसे दुकानाच्या फळीवर बसून बोलताना मध्येच थांबत. मे महिन्यात कधीतरी आमच्या आळीतल्या पोरांच्या लक्षात आले, की रेडिओवर किशोरकुमार लागत नाही. आधी वाटले, आपलीच वेळ चुकते आहे. मग फर्माइशीचे कार्यक्रम नीट कान देऊन ऐकले. रफी होता, मुकेश होता, मन्ना डे होता. हा नव्हता.

गंमत अशी, की ते लग्नसराईचे दिवस होते. मांडवावर भोंगा बांधलेला असे आणि लाउडस्पीकरवाल्याच्या पेटीत जुन्या तबकड्या. त्यावर किशोरकुमार दिवसभर गात होता. वरात दारात येईपर्यंत गात होता. म्हणजे सरकारच्या रेडिओवर जो माणूस मुका होता, तो आमच्या गल्लीत घसा फोडून गात होता. कोणी त्याला अडवले नाही. अडवायचे आहे हेही कोणाला ठाऊक नव्हते, कारण बातमी छापायला वर्तमानपत्रे मोकळी नव्हती. काय झाले होते ते देशाला कळले ते पुढच्या वर्षी सरकार बदलल्यावर आणि न्यायमूर्ती शहा आयोग बसल्यावर.

झाले होते ते थोडक्यात असे. माहिती व नभोवाणी मंत्रालयाला वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी सिनेमातली माणसे हवी होती. त्यासाठी दिल्लीहून अधिकारी मुंबईला आले. किशोरकुमारने त्यांना भेटायला नकार दिला. प्रकृतीचे कारण सांगितले. कसलेही भाषण नाही, पत्रक नाही, निषेधाची सभा नाही. घराचे दार उघडले नाही, इतकाच त्याचा गुन्हा. त्याबद्दल ४ मे १९७६ पासून तीन महिने आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याची गाणी बंद करण्याचा हुकूम निघाला. त्याच्या तबकड्यांची विक्री गोठवावी, ज्या चित्रपटांत त्याने काम केले त्यांची माहिती काढावी, असेही ठरले. खात्याचे मंत्री होते विद्याचरण शुक्ल, आपल्याच राज्यातल्या रायपूरचे. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते. आयोगापुढे त्यांनी या प्रकरणाची जबाबदारी स्वतःवर घेतली.

ही गोष्ट सांगणारे लोक बहुतेक इथेच थांबतात. आमच्या बैठकीत ती सांगितली जाते तेव्हा किशोरकुमार शेवटपर्यंत ताठ उभा असतो आणि आणीबाणी संपल्यावरच त्याचा आवाज परत येतो. आयोगाच्या कागदांत मात्र पुढचे पानही आहे. जूनमध्ये त्याने मंत्रालयाला पत्र लिहिले, सहकार्य करायला तयार आहे असे कळवले. मग बंदी उठवावी आणि हा माणूस पुढे किती सहकार्य करतो त्यावर नजर ठेवावी, असे अधिकाऱ्यांनी ठरवले.

हे वाचून मला किशोरकुमारचा राग आला नाही. त्याचे सोंग उतरले असेही वाटले नाही. उलट त्या दीड महिन्याचे वजन तेव्हा प्रथम कळले. आपल्याला आज वाटते, दीड महिना म्हणजे काय! पण त्या काळी गाणे घरात शिरायचे दार एकच होते, रेडिओचे. दूरदर्शन मोठ्या शहरांपुरते. नवा चित्रपट आला, की त्याची गाणी आधी रेडिओवर वाजायची, मग तिकिटे खपायची. ज्याचा आवाज वाजणार नाही त्याला निर्माता गाणे कशाला देईल? आणि त्याच्याच गाण्यावर ज्याचा पैसा लागला आहे त्या निर्मात्याने काय करावे? असा तिढा पडला की कितीही वेडा, कितीही हट्टी कलावंत असला तरी एक दिवस कागद पुढे ओढतो. त्याला वाकवायला तुरुंगाची गरज पडली नाही. एक बटण बंद करणे पुरले.

आणि आपण ऐकणारे? आपण दुसऱ्याचे गाणे ऐकले. १९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली. मध्य प्रदेशातल्या ४० जागांपैकी काँग्रेसला एकच मिळाली, ती छिंदवाड्याची. म्हणजे सौंसर-पांढुर्णा ज्यात मोडते तीच. खंडव्याच्या गायकाच्या बंदीचा आणि आमच्या मतांचा काही संबंध नव्हता. मत देताना माणूस गावातला पुढारी बघतो, नातेगोते बघतो, पाण्याचे आणि रस्त्याचे बघतो. त्यात वावगेही काही नाही. पण यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लाखो लोक गायकावर प्रेम करतात, म्हणून अडचणीच्या दिवशी ते त्याच्या पाठीशी असतील, असे समजण्यात अर्थ नाही. प्रेम गाण्यावर असते. गाणाऱ्याचे ज्याचे त्याने निस्तरायचे.

हे नेहमी असेच होते का? आमच्याच भागातले एक उदाहरण वेगळे सांगते. पांढुर्ण्याहून महाराष्ट्रात उतरले की वरूड, त्याच्या पलीकडे आष्टी. या सगळ्या पट्ट्यात आणि आमच्या गावागावांत खंजिरीचा एक आवाज घुमत असे, तुकडोजी महाराजांचा. त्यांना गायक म्हटले तर त्यांचे भक्त रागावतील, पण हजारो माणसे रात्र रात्र बसत ती त्यांच्या भजनांसाठी, हे खरे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी आणि चिमूर पेटले. त्या पेटण्यामागे ही भजनेही आहेत, असे इंग्रज सरकारला वाटले आणि महिनाअखेरीस त्यांना चांद्याला अटक झाली. आधी नागपूरच्या, मग रायपूरच्या तुरुंगात ठेवले. डिसेंबरमध्ये सुटका झाली. रायपूरचे नाव इथे पुन्हा येते हा निव्वळ योगायोग, पण मनात राहणारा. ज्या गावच्या तुरुंगात परक्या सरकारने खंजिरीवाला ठेवला, त्याच गावच्या मंत्र्याने चौतीस वर्षांनी स्वतंत्र देशात खंडव्याचा आवाज बंद केला; आणि त्या मंत्र्याचे वडील रविशंकर शुक्ल स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगलेले.

पण दोन्ही वेळा सरकारने पकडले ते वेगवेगळे. १९४२ साली गाणारा आत घातला, कारण गाणे धरता येत नव्हते. ते कोणत्याही यंत्रावर अवलंबून नव्हते. खंजिरी कोणाच्याही घरी असते आणि भजन एकदा कानावर पडले की बाई जात्यावर म्हणते, गडी मोटेवर म्हणतो. १९७६ साली उलटे झाले. गाणारा मुंबईत आपल्या घरी सुखरूप होता, कारण गाणे यंत्रातून येत होते आणि यंत्राची किल्ली सरकारच्या हातात होती. म्हणजे किल्ली कोणाकडे आहे त्यावरून ठरते, गाणे अडवायचे की गाणारा.

महाराष्ट्रातल्या शाहिरांनी या दोन्ही तऱ्हा भोगल्या. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाच्या मागे मुंबई सरकार लागले होते. तमाशावर बंदी आली तेव्हा अण्णा भाऊंनी तोच ऐवज लोकनाट्य या नावाने उभा केला. नाव बदलून रंगमंच वाचवता आला. पुढच्या पिढीला ती सोय राहिली नाही. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ ला मुंबईत विधान भवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. शीतल तेव्हा गरोदर होत्या. त्यांना जूनमध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. सचिन माळी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला, तोही सर्वोच्च न्यायालयातून. गाणाऱ्याच्या आयुष्यातली ही जवळजवळ चार वर्षे. या दिवसांत गळ्याचे काय होते, साथीदार कुठे पांगतात, याचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात नसतो.

ज्यांना हे सगळे डोळ्यांनी बघायचे असेल त्यांनी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ बघावा. २०१४ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला सुवर्णकमळ मिळाले. त्यात म्हाताऱ्या शाहिराचे काम केले ते नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते व्यवसायाने नट नव्हते, चळवळीतले कार्यकर्ते होते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. या चित्रपटात शाहिराला कोणी मारत नाही, कोणी ओरडत नाही. फक्त पुढची तारीख पडते. मग आणखी एक तारीख पडते.

आता नव्या मुलांकडे येऊ. त्यांचे गाणे म्हणजे रॅप. आमच्या वयाच्या पुष्कळांना ते गाणेच वाटत नाही, कारण त्यात सूर थोडा आणि बोल फार. पण ज्याने खडी गंमत ऐकली आहे त्याला ते परके वाटू नये. तिथेही डफ-तुणतुण्यावर शाहीर भरधाव बोलत सुटतो, गावच्या पाटलापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना चिमटे काढतो आणि लोक हसता हसता सावरून बसतात. रॅपवाल्याला डफवाला नको, झीलकरी नको. फोन पुरे.

२०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये महाराष्ट्रात अशी दोन गाणी गाजली. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसे या तरुणाने सत्तांतराच्या वेळच्या ‘खोक्यां’वर एक गाणे केले. त्यात कोणाचे नाव नव्हते. तरी ज्याची त्याला ओळख पटली आणि अंबरनाथला त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईत वडाळ्याच्या उमेश खाडे या दुसऱ्या मुलावर ‘भोंगळी केली जनता’ या गाण्याबद्दल गुन्हा दाखल झाला. विरोधी पक्षांचे नेते दोघांच्याही बाजूने बोलले आणि गाणी आणखीच पसरली. पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर चहा पिताना पोरे ती ऐकत होती, ते मी पाहिले आहे.

इथे चाक पुन्हा १९४२ वर आलेले दिसते. गाणे फोनाफोनीने फिरू लागले, त्याची किल्ली कोणा एकाच्या हातात राहिली नाही. म्हणून गाणे मोकळे आणि गाणाऱ्याच्या दारात पोलीस. पण एक मोठा फरक आहे. तुकडोजी महाराज सुटून आले तेव्हा त्यांच्यामागे गावे होती, पुढे तर राष्ट्रसंत ही पदवी मिळाली. या मुलांच्या मागे काय? गाणे लाखो लोकांनी ऐकले म्हणून वकिलाची फी कोणी दिली का? ऐकायला पैसे पडत नाहीत. आवडले तर अंगठा दाखवायचा आणि पुढच्याला पाठवायचे. एवढ्यावर ऐकणाऱ्याचे कर्तव्य संपते.

परदेशातही याहून बरे नाही. अमेरिकेत डिक्सी चिक्स नावाचा तीन बायकांचा ताफा होता. २०२० पासून त्यांनी नाव आखूड करून ‘द चिक्स’ केले. मार्च २००३ मध्ये, इराकचे युद्ध सुरू व्हायच्या तोंडावर, लंडनच्या कार्यक्रमात त्यांच्यातली एक बोलली, की आमचा राष्ट्राध्यक्ष टेक्सासचा आहे याची आम्हाला लाज वाटते. त्या स्वतः टेक्सासच्या. त्यांचे गाणे तेव्हा पहिल्या क्रमांकावर होते. तिकडच्या रेडिओ केंद्रांनी ते वाजवणे थांबवले आणि ते खाली कोसळले. तिथे हुकूम काढणारा मंत्री नव्हता. श्रोते रागावले, जाहिरातदार घाबरले आणि खासगी केंद्रांनी आपण होऊन बटण बंद केले. चार वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांना पाच ग्रॅमी मिळाले. इराणचा रॅपर तुमाज सालेही याचे तर जिवावर बेतले. २०२२ च्या आंदोलनात त्याला पकडले, एप्रिल २०२४ मध्ये फाशी सुनावली, जूनमध्ये वरच्या न्यायालयाने ती रद्द केली आणि डिसेंबरमध्ये तो सुटला.

मोठ्यांचे नाव पुन्हा उभे राहते. किशोरकुमारने १९७८ च्या ‘डॉन’मध्ये पुन्हा देश डोलवला. १३ ऑक्टोबर १९८७ ला तो गेला तेव्हा त्याला खंडव्यालाच आणले. तिथे समाधी आहे आणि मध्य प्रदेश सरकार त्याच्या नावाने दरवर्षी मोठा सन्मान देते. सरकारे विसरतात, किंवा विसरल्यासारखे करतात. पण हे भाग्य ज्याचे नाव तबकडीवर आहे त्याचे. ज्याचे नाव फक्त गणपतीच्या मांडवातल्या फळ्यावर खडूने लिहितात, त्याचे काय होते ते सांगतो.

आमच्याकडे एक ऑर्केस्ट्रात गाणारा आहे. नाव सांगत नाही, कारण त्याला अजून इथेच पोट भरायचे आहे. आवाज किशोरचा. दिवसा दुकानात काम आणि गणपती, नवरात्र, लग्ने या दिवसांत कार्यक्रम. निवडणूक आली की आमच्या भागात एक जादा धंदा निघतो. छिंदवाड्याकडे हिंदी गाणी चालतात, पण सौंसर-पांढुर्ण्यात उमेदवाराला मराठी गाणे लागते. प्रसिद्ध चालीवर नवे शब्द बसवायचे, ते गाडीवरच्या भोंग्यातून फिरते. हा माणूस अशी गाणी दोन्ही बाजूंना गाऊन देत असे. एका निवडणुकीत त्याच्यापुढे जे शब्द ठेवले, त्यात शेजारच्या मोहल्ल्यातल्या लोकांबद्दल वाईट लिहिले होते. त्याचा तबला-ढोलकवाला त्याच मोहल्ल्यातला. तो म्हणाला, “भाऊ, शब्द बदलून द्या, फुकट गातो.” शब्द बदलले नाहीत. तो गायला नाही.

त्याला कोणी धमकावले नाही. गुन्हा दाखल झाला नाही. त्या वर्षी त्याच्या वहीत गणपतीच्या सात तारखा होत्या. पाच मंडळांनी निरोप पाठवला, की यंदा डीजेच ठेवला आहे. नवरात्राची सुपारी आलीच नाही. ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याने नागपूरचा रस्ता धरला. मी त्याला विचारले, “पस्तावा होतो का?” तो म्हणाला, “मास्तर, मी काही भाषण केले नाही. फक्त एक गाणे गायलो नाही.” किशोरकुमारनेही तेवढेच केले होते.

मग मी त्या पाच मंडळांकडे जरा बारकाईने पाहिले. माणसे वाईट नव्हती. त्यांतली अर्धी माझ्या हाताखालून गेलेली. पण पूर्वी आमच्या गल्लीत गणपतीची वर्गणी घरोघर हिंडून गोळा होत असे. कोणी पाच रुपये देई, कोणी दहा, आणि देणारा प्रत्येकजण कार्यक्रमावर हक्काने बोले: अमका गायक आणा, तमका नको. आता पोरांना दारोदार हिंडायला लाज वाटते. एक पुढारी मांडवाचा खर्च उचलतो, दुसरा डीजेचा, आणि दोघांचे फोटो गणपतीपेक्षा मोठे लागतात. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपण कलावंतांना टोमणा म्हणून वापरतो. ती आधी मंडळाला लागू पडते. पोळी कोणाची, ते आपणच ठरवून ठेवले आहे.

म्हणून कलावंताने राजकारणावर बोलावे की बोलू नये, या चर्चेत मला फारसा रस राहिलेला नाही. बोलायचे की नाही ते तो आपल्या पोटाकडे आणि मनाकडे बघून ठरवील. आपण दुसरा प्रश्न विचारावा: त्याचे पैसे कोण देते? तुकडोजी महाराजांच्या भजनाला गाव जमत असे आणि गावच शिधा देत असे. म्हणून ते सुटून आले तेव्हा बसायला जागा होती. रेडिओ सरकारचा होता, म्हणून किशोरकुमारला दीड महिन्यात कागद लिहावा लागला.

उरलेल्या दोन तारखा कोणाच्या होत्या, हे मी त्या गायकाला नंतर विचारले. एक सौंसरजवळच्या खेड्यातली होती. तिथे अजून वर्गणीची वही निघते. संत्र्याचे बगिचे असणारे जास्त देतात, मजुरीवाले वीस-तीस रुपये देतात, आणि वहीत सगळ्यांची नावे एकाच अक्षरात लिहितात. दुसरी एका भजनी मंडळाची होती. बिदागी थोडी होती. तो गेला, ढोलकवाल्याला बरोबर घेऊन गेला आणि रात्री दोनपर्यंत गायला. यंदा ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाल्याला आणखी एक वर्ष भरेल. २०२३ मध्ये सौंसर आणि पांढुर्णा मिळून हा नवा जिल्हा झाला, तेव्हापासून सरकारी कार्यक्रम वाढले आहेत, मंच मोठे झाले आहेत आणि गाणाऱ्यांची गरजही वाढली आहे. त्या मंचांवर कोणाला बोलवायचे ते साहेब लोक ठरवतील. आपल्या आळीत वर्गणीची वही पुन्हा काढता आली, तर निदान आपल्या मांडवात कोण गाणार, एवढे तरी आपल्या हातात राहील.